सांडशी, किल्ली आणि गाईचे शिंग : दात उपटणाऱ्या पकडीचा इतिहास

धंतोली म्हणजे नागपूरचा दवाखान्यांचा मोहल्ला. सीताबर्डीला लागून असलेल्या या जुन्या वस्तीत बंगल्यांच्या जागी इस्पितळे आली, पाट्यांवर पाट्या चढल्या, आणि रस्त्यावर वाहन उभे करायला जागा उरेना म्हणून रहिवाशांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जावे लागले. त्या पाट्यांत दंतवैद्यांच्या पाट्याही पुष्कळ. त्यांपैकी कोणत्याही चिकित्सालयात निर्जंतुक केलेल्या ट्रेवरचा कपडा बाजूला केला, तर पोलादी पकडींची एक रांग दिसते. एक अगदी सरळ, एक किंचित नागमोडी, एकीचे तोंड काटकोनात मुडपलेले, एकीच्या तोंडाला शिंगांसारखी दोन टोके. प्रत्येकीवर एक आकडा कोरलेला. खुर्चीतला रुग्ण त्यांच्याकडे सहसा पाहत नाही. तो डोळे मिटून घेतो.

दात उपटणे या एका कामासाठी इतक्या निरनिराळ्या पकडी कशाला? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात दोन हजार वर्षांचा इतिहास दडलेला आहे, आणि त्या इतिहासात मोडलेल्या जबड्यांची संख्या लहान नाही.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करावी. चुलीवरचे तापलेले पातेले जिने उचलतात ती सांडशी, आणि लोहार तापलेले लोखंड ज्याने धरतो तो सांडस, हे दोन्ही शब्द संस्कृत ‘संदंश’ या शब्दाची मराठी अपत्ये आहेत. संदंश म्हणजे दोन्ही बाजूंनी घेतलेला चावा. दाताला चावणारे हत्यार म्हणून या शब्दाची गंमत अधिकच वाढते. सुताराचा जंबूर मात्र फारसीतून आला.

‘सुश्रुतसंहिते’च्या सूत्रस्थानात शल्यकर्माची १०१ यंत्रे सांगितली आहेत. त्यांची वर्गवारी अशी : २४ स्वस्तिकयंत्रे, २ संदंशयंत्रे, २ तालयंत्रे, २० नाडीयंत्रे, २८ शलाकायंत्रे आणि २५ उपयंत्रे. धारदार शस्त्रे यांहून वेगळी, ती २०. यांतील स्वस्तिकयंत्रे आजच्या फोर्सेप्सचे पूर्वज म्हणावीत अशी आहेत. दोन दांडे एकमेकांवर फुलीसारखे ठेवायचे, जेथे ते छेदतात तेथे मसुराच्या दाण्याएवढ्या माथ्याचा खिळा ठोकायचा, मुठीची टोके अंकुशासारखी वळवायची, आणि पुढचे तोंड एखाद्या पशूच्या किंवा पक्ष्याच्या मुखासारखे घडवायचे. सिंह, वाघ, लांडगा, अस्वल, मांजर. तसेच कावळा, कंक, कुरर. हाडात रुतून बसलेले शल्य, म्हणजे बाणाचे टोक किंवा तत्सम काही, उपटून काढण्यासाठी ही यंत्रे होती.

ही प्राणिसृष्टी शोभेसाठी नव्हती. बाहेरून दिसणारे शल्य सिंहमुखासारख्या रुंद जबड्याच्या यंत्राने काढावे आणि आत लपलेले शल्य कंकमुखासारख्या निमुळत्या चोचीच्या यंत्राने, असा संहितेचा स्पष्ट दंडक आहे. सर्व यंत्रांत कंकमुखाला श्रेष्ठ ठरवतानाही तिने कारणे दिली आहेत : ते आत सहज शिरते, सहज बाहेर येते आणि धरलेली वस्तू सोडत नाही. दाताचाही दिसणारा भाग थोडा आणि लपलेला भाग अधिक असतो, हे ध्यानात ठेवले तर पुढची सगळी कथा समजायला सोपी जाते.

याच अध्यायात यंत्रांचे १२ दोष सांगितले आहेत. इतिहासप्रेमींनी हा भाग मुळातून वाचावा, इतका तो कारागिराच्या अनुभवाने भरलेला आहे. यंत्र फार जाड असू नये, कच्च्या धातूचे असू नये, फार लांब वा फार आखूड असू नये, वाकडे नसावे. ते ‘अग्राही’ म्हणजे न धरणारे नसावे आणि ‘विषमग्राही’ म्हणजे एका बाजूने धरणारे व दुसऱ्या बाजूने सुटणारेही नसावे. त्याचा सांधा शिथिल नसावा, खिळा मऊ नसावा, तोंड मऊ नसावे. ही यादी करणाऱ्याच्या हातात कधीतरी ऐन वेळी खिळा वाकला असणार, याविषयी शंका राहत नाही. शस्त्रे कुशल लोहाराकडून घडवून घ्यावीत असेही संहिता सांगते, आणि १०१ यंत्रांत सर्वांत प्रधान यंत्र म्हणून वैद्याच्या हाताचे नाव घेते.

आता प्रत्यक्ष दाताचे. हिरडीत नाडीव्रण झाला, म्हणजे पू वाहणारी वाट पडली, तर तो दात मुळासकट काढावा. तसाच ठेवला तर ती वाट जबड्याचे हाड फोडते, असे चिकित्सास्थानात म्हटले आहे. पुढे मात्र एक विलक्षण निषेध येतो. वरच्या जबड्यातला दात हलत असला तरी वैद्याने उपटू नये. घट्ट मुळांचा वरचा दात काढल्यास अतिरक्तस्राव होतो, एक डोळा जातो आणि तोंड वाकडे होते, ज्याला अर्दित म्हणतात.

आधुनिक वाचकाला हा निषेध हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे. तसे वाटू देऊ नये. वरच्या दाढांच्या मुळांच्या अगदी वर गालाच्या हाडातील पोकळी असते, तिच्याही वर डोळ्याची खोबण. प्रतिजैविके नसलेल्या काळात वरच्या दातातला जंतुसंसर्ग डोळ्याच्या दिशेने चढू शकत असे, आणि आजही दुर्लक्ष झाल्यास चढतो. संहिताकारांना कारण ठाऊक नसेल, परिणाम त्यांनी पाहिले असावेत.

‘फोर्सेप्सचा शोध सुश्रुताने लावला’ असे चित्रसंदेश वरचेवर फिरत असतात. त्यांत अर्धे सत्य आहे. दोन दांडे आणि खिळा ही रचना, निमुळत्या चोचीची कल्पना, समान पकडीचा आग्रह, हे सारे संहितेत निःसंशय आहे. परंतु स्वस्तिकयंत्रांची लांबी १८ अंगुळे सांगितली आहे, म्हणजे सुमारे एक फूट. ते हत्यार बाण उपटण्यासाठी आहे. आजची दंतपकड साधारण त्याच्या निम्म्या लांबीची असते, कारण तिला तोंडात वळायचे असते. ‘दंतशंकु’ या नावाचे जे साधन संहितेत आहे, ते तर शस्त्रांच्या यादीत येते. ती पकड नव्हे. प्रत्येक दातासाठी त्याच्या मुळांच्या मापाची वेगळी चोच, ही कल्पना तेथे नाही. पूर्वजांना जे त्यांचे आहे ते द्यावे; जे त्यांचे नाही ते देऊन त्यांची उंची वाढत नाही.

इतर संस्कृतींतही दात उपटण्याचे भय तेवढेच होते. ग्रीसमध्ये डेल्फीच्या अपोलो मंदिरात शिशाची एक दंतपकड ठेवलेली होती, असे प्राचीन ग्रंथकार सांगतात. शिसे मऊ, त्यामुळे त्या पकडीने निघण्याइतका जो दात हलत असेल तोच काढावा, असा तिचा अर्थ लावला गेला. सुमारे १००० साली स्पेनमधील कॉर्डोव्याचा शल्यविशारद अल-झहरावी याने दात काढण्यापूर्वी हिरडी सर्व बाजूंनी सोडवावी, रुग्णाचे डोके आपल्या गुडघ्यांत धरावे, आणि मुख्य म्हणजे दुखणारा दात नेमका कोणता याची खात्री करून घ्यावी, असे लिहून ठेवले. अडाणी न्हाव्यांनी केलेल्या नुकसानीवर तो फार चिडलेला दिसतो.

न्हाव्यांचा उल्लेख ओघाने आलाच आहे. महाराष्ट्रातही शतकानुशतके ग्रंथ एकीकडे आणि दात उपटणारा हात दुसरीकडे अशी स्थिती होती. संहितेची पोथी पाठ करणारा वैद्य बहुधा रक्ताला हात लावत नसे. गावात फोड फोडणारा, तुंबडी लावणारा, प्रसंगी दात पाडणारा माणूस न्हावी असे किंवा फिरस्ता वैदू. मध्यप्रांतातील जातींचा जो चार खंडांचा इंग्रजी ग्रंथ रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातही न्हाव्याचा विचार करताना शल्यकार न्हाव्याची नोंद घ्यावी लागली. या कारागिरांना हीन लेखण्याचे कारण नाही. हलणारा दात दोऱ्याने वा चिमट्याने काढण्यात ते निष्णात असत. घट्ट बसलेली दाढ आली की मात्र गाडे अडे, आणि नेमके तेथेच युरोपातही गाडे अडलेले होते.

तेथे मध्ययुगापासून ‘पेलिकन’ नावाचे आकड्यासारखे हत्यार वापरात होते. पाणकोळ्यासारख्या त्या पक्ष्याच्या चोचीवरून त्याला नाव मिळाले. अठराव्या शतकात त्याची जागा ‘किल्ली’ने घेतली. १७४२ मध्ये अलेक्झांडर मन्रो या स्कॉटिश वैद्याच्या लेखनात तिचे वर्णन आढळते. कुलपाच्या किल्लीसारखीच ती दिसे : आडवी मूठ, लांब दांडा, शेवटी एक गादीसारखा टेकू आणि त्यातून निघालेला नखासारखा आकडा. आकडा दाताच्या एका अंगाला अडकवायचा, टेकू दुसऱ्या अंगाच्या हिरडीवर ठेवायचा आणि कुलूप उघडावे तशी मूठ फिरवायची.

तरफेच्या दृष्टीने किल्ली प्रभावी होती, आणि संकट त्या प्रभावातच होते. सगळा जोर एका बाजूला पडे. टेकूखालची हिरडी चिरडली जाई, हाडाचा कपचा दातासोबत निघे, दाताचा माथा मोडून मुळे आत राहत, आणि केव्हा केव्हा जबडाच मोडे. सुश्रुताच्या परिभाषेत ही शुद्ध विषमग्राही. तरीही शंभरांहून अधिक वर्षे शल्यवैद्यांच्या पेटीत ती मानाने नांदली, कारण तिच्यापेक्षा बरे काही हाताशी नव्हते. त्या काळच्या चिमट्यांची तोंडे सगळ्या दातांना सारखीच असत. गोल दाताला सपाट चिमटा दोन बिंदूंवर टेके. दाबला की घसरे, जोराने दाबला की दात फुटे.

१८३९-४० च्या सुमारास लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात जॉन टोम्स नावाचा पंचविशीतला तरुण निवासी शल्यवैद्य होता. दात काढण्याचे काम त्याच्याकडे येई आणि किल्लीचे परिणाम रोज डोळ्यांसमोर दिसत. त्याने केलेली गोष्ट आज इतकी उघड वाटते की ती आधी कोणाला का सुचली नाही, असा प्रश्न पडावा. त्याने निरनिराळे दात हातात घेऊन त्यांच्या मानेचा, म्हणजे माथा जेथे संपतो आणि मूळ जेथे सुरू होते त्या भागाचा, आकार बारकाईने पाहिला. प्रत्येक प्रकारच्या दाताची मान वेगळी, म्हणून पकडीची चोचही वेगळी हवी. एव्हरार्ड या मूळच्या फ्रेंच हत्यार-कारागिराकडून त्याने तशा पकडी घडवून घेतल्या. १८४१ मध्ये त्यांचे वर्णन छापले गेले, आणि दंतवैद्यकाच्या हत्यारांची दिशा बदलली. पुढे टोम्सला ‘सर’ हा किताब मिळाला. परंतु ज्याच्या भट्टीतून आणि कानशीतून त्या चोची घडल्या त्या एव्हरार्डचे नाव फार थोड्यांना ठाऊक असते.

धंतोलीतल्या ट्रेमधील पकडी का वेगवेगळ्या, याचे उत्तर येथे मिळते.

समोरच्या वरच्या दातांना एकच शंकूसारखे मूळ असते आणि तेथे हात सरळ पोहोचतो. म्हणून त्यांची पकड सरळ, चोची आतून पन्हळीसारख्या खोलगट. वरच्या उपदाढांपर्यंत जाताना ओठाचा कोपरा आडवा येतो. त्यांच्या पकडीला किंचित नागमोडी वळण दिलेले. वरच्या मोठ्या दाढेची गोष्ट निराळी. तिला तीन मुळे : दोन गालाकडे, एक टाळूकडे. गालाकडील दोन मुळांच्या बेचक्यात बसावे म्हणून त्या बाजूच्या चोचीला मध्ये एक टोक काढलेले असते. टाळूकडची चोच साधी, गोलसर. साहजिकच अशी पकड उजवीकडची डावीकडे चालत नाही, जोडीच ठेवावी लागते. विद्यार्थ्यांना ते पाठ करून दिले जाते : टोक नेहमी गालाकडे.

खालच्या मोठ्या दाढेला दोन मुळे, एक पुढे आणि एक मागे. बेचके गालाकडूनही असते, जिभेकडूनही. तेव्हा तिच्या पकडीच्या दोन्ही चोचींना टोके, आणि एकच पकड दोन्ही बाजूंना चालते. हिचे तोंड दांड्याशी काटकोनात असते, कारण खालच्या दातावर वरून उतरायचे असते. काऊहॉर्न, म्हणजे गाईचे शिंग, हा याच कल्पनेचा टोकाचा प्रकार. तिची दोन शिंगे दाढेच्या बेचक्यात दोन्हीकडून शिरतात. मूठ आवळत गेले की शिंगे एकमेकांकडे सरकतात आणि दाढ पाचरीने उचलल्यासारखी वर येते. अमेरिकी पद्धतीत तिचा क्रमांक २३. वरच्या दातांची सर्वसाधारण पकड १५० आणि खालच्यांची १५१, हे आकडे जगभर चालतात. इंग्रजी धाटणीच्या पकडींचे क्रमांक स्वतंत्र. कंक, पेलिकन, गाय : दातांच्या हत्यारांना प्राण्यांचा सोस दोन हजार वर्षांत सुटलेला नाही.

सर्वांत मोठा गैरसमज असा की पकडीने दात ‘ओढला’ जातो. प्रत्यक्षात आरंभी तो आत ढकलला जातो. आधी हिरडीचे तंतू सोडवून घेतात. मग एलिव्हेटर नावाच्या बोथट छिन्नीसारख्या साधनाने, तरफ आणि पाचर या दोन्ही तत्त्वांचा उपयोग करून, दात किंचित सैल करतात. त्यानंतर पकडीच्या चोची हिरडीखाली सरकवून मुळाच्या दिशेने शक्य तितक्या खोल रेटतात. हा रेटा निर्णायक असतो. खिळा भिंतीतून हलवून काढताना तो जितका खोल धरावा तितका मोडण्याचा धोका कमी, दाताचेही तसेच. पकड माथ्यावर राहिली तर माथा हातात येतो, मुळे आतच राहतात.

मग येते ते सावकाश हलवणे. वरच्या जबड्याचे गालाकडील हाड टाळूकडील हाडापेक्षा पातळ, म्हणून तेथे प्रथम बाहेरच्या बाजूला दाब, मग आत, पुन्हा बाहेर. प्रत्येक वेळी दाब काही क्षण धरून ठेवतात. हाड लवचिक असते; खोबण हळूहळू रुंदावते, दाताला हाडाशी बांधणारे तंतू तुटत जातात. समोरच्या वरच्या दाताचे मूळ शंकूसारखे असल्याने तो बाटलीच्या बुचासारखा थोडा फिरवताही येतो. तीन मुळांची दाढ फिरवू गेले तर मूळ मोडलेच म्हणून समजावे. ओढ शेवटी येते, आणि ती अगदी हलकी असते. घाईने ओढणाऱ्याचा हात सुटून समोरच्या दातांवर आपटतो.

या सगळ्यात दुसरा हात मोकळा नसतो. तो जबडा आधारतो, ओठ व गाल बाजूला धरतो, आणि बोटांच्या टोकांनी हाड किती पसरते आहे हे चाचपत राहतो. बहुतेक दातांसाठी उजव्या हाताचा वैद्य रुग्णाच्या उजवीकडे पुढे उभा राहतो. खालच्या उजव्या दाढांसाठी मागे जातो. वरच्या दातांसाठी खुर्ची मागे कलते, खालच्यांसाठी जवळजवळ सरळ होते. अल-झहरावीच्या गुडघ्यांची जागा खुर्चीने घेतली, एवढेच.

सावकाश हलवण्याची ही चैन वेदनेवर ताबा मिळाल्याशिवाय शक्य नव्हती. किल्ली लोकप्रिय होण्याचे एक कारण तिचा वेग होते. शुद्धीवर असलेल्या माणसाच्या तोंडात संथपणा ही क्रूरताच ठरली असती. टोम्सची पकड आली आणि पाच-सहा वर्षांतच गुंगीचे युग सुरू झाले. डिसेंबर १८४४ मध्ये अमेरिकेतील दंतवैद्य होरेस वेल्स याने नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली. ३० सप्टेंबर १८४६ रोजी विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने ईथर देऊन दात काढला. १८८४ मध्ये कोकेनने खालच्या जबड्याची नस बधिर करण्यात आली, १९०५ च्या सुमारास नोव्होकेन आले, आणि १९४८ पासून लिडोकेन बाजारात आले, जे आजही बहुतेक रुग्णांना टोचले जाते.

पकडीच्या धातूचा इतिहासही थोडक्यात सांगितला पाहिजे. किल्लीच्या मुठी हस्तिदंताच्या किंवा शिसवीच्या असत. जंतूंचा सिद्धान्त मान्य झाला, हत्यारे उकळावी लागू लागली, आणि त्या देखण्या मुठींचा काळ संपला. साधे पोलाद वाफेने गंजे. १९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारे पोलाद तयार केले, तेव्हा उकळण्यातही टिकणारी पकड मिळण्याची सोय झाली.

भारतात दंतवैद्यकाचे शिक्षण १९२० मध्ये डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात सुरू केले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ चे. १९४८ मध्ये दंतवैद्यांचा कायदा आला, तेव्हा नागपूर मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होते. कायद्याने नोंदवहीचे दोन भाग केले : ‘अ’ भागात पदवीधर, आणि ‘ब’ भागात पदवी नसलेले, परंतु किमान पाच वर्षे याच धंद्यावर पोट भरणारे. हा ‘ब’ भाग इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. हाताने शिकलेल्या माणसांना कायद्याने दिलेला तो शेवटचा दरवाजा होता. त्या दरवाजाने आत येण्यासाठी कागदोपत्री पुरावा लागे, आणि पालावर राहणाऱ्या वैदूकडे तो कोठून असणार? रस्त्याच्या कडेला चादर पसरून बसणारे दात काढणारे पुढेही दिसत राहिले, मात्र कायद्याच्या बाहेर. एकच पकड न उकळता एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाण्याचा धोका पाहता कायद्याची बाजू भक्कम होती. ज्यांचे कसब त्यात बाद झाले त्यांची नोंद मात्र कोणी ठेवली नाही.

नागपुरात वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मध्ये सुरू झाले आणि शासकीय दंत महाविद्यालय १९६८ मध्ये. तेथे शिकणारा विद्यार्थी आधी सुट्या दातांवर मान आणि मुळे ओळखायला शिकतो, जसे टोम्सने केले होते, आणि मग पकड हातात घेतो.

धंतोलीतल्या ट्रेमधली पकडही कायमची नसते. शेकडो वेळा वाफेत जाऊन आणि हजारो वेळा आवळली जाऊन तिचा सांधा ढिला पडतो, चोचीची टोके झिजतात, दोन्ही चोची समोरासमोर येईनाशा होतात. तेव्हा ती प्रकाशात धरून, उघडझाप करून पाहतात, आणि शिथिल, मृदुमुख, विषमग्राही झालेली पकड ट्रेमधून बाजूला काढून ठेवतात.